गिळलेली थुंकी

"थुंक," सर म्हणाले आणि फूटपट्टीनं करवंटी उंबऱ्याबाहेर ढकलली.

सांगलीच्या शाळेतली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली गोष्ट. नाटकवाल्यांचं गाव, तेव्हा प्रवेश नीट मांडतो. टेबलावर काचेच्या नळीत भाताची पेज. आयोडीन घालून सरांनी ती काळीनिळी केलेली. पिष्ट असल्याची ती खूण. आता तीत माणसाची लाळ घालायची. पिष्टाची साखर होते, रंग उडतो. पण शाळेच्या नळीत उष्टं कोण घालणार? सगळी सोवळी तोंडं मिटली. मग सरांना दाराबाहेरचा महाराचा पोरगा आठवला. मी.

बाहेर बसूनच मी विज्ञान शिकत होतो. नळीला शिवायचं नाही. वार्षिक परीक्षेत मात्र पिष्ट, प्रथिनं, चरबी स्वतःच्या हातानं ओळखून दाखवायची होती. नाहीतर नापास. नापास झालो की शाळा सुटली.

"थुंक की! तुझं एवढं तरी कामाला येऊ दे."

करवंटी उचलली. भीतीनं तोंड कोरडं ठाक. थेंब सुटेना. पहिल्या बाकावरून आमच्या गावच्या इनामदारांचा मुलगा ओरडला, "सर, ओढा आटला! याला चिंच दाखवा!"

वर्ग खिदळला. सरही. माझ्यामागे उभा असलेला शाळेचा शिपाई कुजबुजला, "थुक रं गड्या. तुझा बा त्यांच्याच गावात ऱ्हातोय न्हवं?"

ते ऐकलं आणि तोंडात पाणी भरलं. भीतीचं नव्हतं ते. सगळे माना उंचावून बघायला लागले. काय तो नाटकाला रंग!

मी गिळलं.

करवंटी खाली ठेवली. उंबरा ओलांडला. कोरी नळी उचलली, टेबलावरच्या वाडग्यातली उरलेली पेज ओतली, आयोडीन टाकलं. पेज काळी झाली.

"पिष्ट आहे, सर. आता प्रथिन कसं ओळखायचं?"

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. असल्या मऊ आवाजाला मी अजून भितो.

"ठेव ती खाली."

"ठेवली तर परीक्षेत कुणाचे हात आणू?"

इनामदारांचा मुलगा आता हसत नव्हता. "आबांना सांगतो. तुझ्या बापाला चावडीवर बोलावतील."

चावडीवरून परतलेल्या माणसांच्या पाठी मी बघितल्या होत्या. नळी सोडली नाही.

"बोलवा," मी म्हणालो. "बापाबरोबर मीही येईन. पण उद्यापासून मी आत बसणार, सर. बाहेर काढायचं असेल, तर मला हात लावावा लागेल."