हिल्डामावशींच्या काचेतली बाई

हिल्डामावशी सकाळी पडदा सरकवला की आधी खिडकीतल्या बाईला गुड मॉर्निंग म्हणत, मग मला. ती बाई काचेवर रंगवलेली होती. वीतभर काच, तिच्यात चिलखत घातलेला नवरा आणि त्याच्यापुढे पेला धरून उभी बायको. मावशींचे पूर्वज स्वित्झर्लंडचे. तिकडे पूर्वी कोणी घर बांधलं की शेजारी आपलं चित्र आणि नाव काढलेली काच खिडकीत बसवायला भेट देत. ही तीनशे वर्षांपूर्वीची. “शेजारीण खिडकीत असली की घर रिकामं नसतं,” मावशी म्हणायच्या.

त्र्याऐंशी साली मी अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे राहत होते आणि मावशी पलीकडच्या घरात एकट्या. त्या इंग्रजी सावकाश बोलत, म्हणून मला समजे. मी चौथी शिकलेली, बोलायची लाज वाटे.

“सुमाटी, तू कमी बोलतेस म्हणून काचेतल्या बाईला आवडतेस.”

“आणि तुम्हाला?”

“मला तू भात देतेस म्हणून.”

त्या हिवाळ्यात मावशी तापाने पडल्या. मी त्यांचं घर आवरू लागले. काच काळवंडलेली दिसली. आपण समई घासतो तशी मी ती भांड्यांची पावडर लावून घासली. बाईचा चेहरा फडक्यावर आला. हात राहिले, पेला राहिला, वर नुसता पांढरा उजेड.

बऱ्या झाल्यावर मावशींनी पडदा सरकवला. त्यांना कमी दिसे. काचेपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, मग माझ्या खांद्यामागे बघून गुड मॉर्निंग म्हणाल्या. मी वळून पाहिलं. मागे स्वयंपाकघराचं दार होतं.

अमेरिकेत हक्काने जावं असं मला तेवढंच घर होतं. खरं सांगितलं तर तेही जाईल, या भीतीने मी आठवडाभर गप्प राहिले. शेवटी नातवाकडून इंग्रजी वाक्य पाठ करून घेतलं आणि तिचा चेहरा मी पुसला, असं त्यांना सांगितलं.

“माहीत आहे,” मावशी म्हणाल्या. “त्या दिवसापासून ती आत असते. चुलीपाशी ऊब आहे.” आणि माझ्या हातावर हात ठेवला.

वसंतात त्यांचा मुलगा त्यांना त्याच्या गावी, प्लेनोला न्यायला आला. त्याने काच ब्लँकेटमध्ये गुंडाळली. मावशींनी तिकडे पाहिलंही नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्या आपल्या भाषेत हळू बोलत होत्या, मधेमधे ऐकून घ्यायला थांबत होत्या. मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, “ती येत नाही म्हणते. तुझ्याकडे राहील.”

मला नाही म्हणता आलं नाही.