कोळणीचा दहीभात

अलिबागला दातांच्या दवाखान्यात मी सुजलेला गाल धरून बसलो होतो. शेजारी एक कोळीण होती. मशेरीनं दात काळे पडलेले, म्हणून हसताना पदर तोंडावर जायचा.

"नातीचं लगीन हाय," ती म्हणाली. "फोटोत तरी त्वांड उघडून हसंन."

दात पांढरे करून ती बाहेर आली ती करवादतच.

"मशेरी सोडली, कबूल! पन दोन दिस चाय न्हाय, हलद न्हाय, म्हावऱ्याचं कालवन न्हाय. दातांना रंग चढतो म्हनं. डाक्टर म्हनतो, दहीभात खा. कोलनीनं दहीभात खावाचा?"

सगळा दवाखाना खो-खो हसला. दुखऱ्या गालानं मीसुद्धा. तीही हसली. सवयीनं पदर वर आला, मध्येच थांबला, आणि त्या पदरानं तिनं नुसते डोळे पुसले.