सात वाजताचं बुलेटिन

एप्रिल १९७३. आमची मेडिकल डिटॅचमेंट वाटूरच्या शाळेत उतरली. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता. वाटूर एका जिल्ह्यात, कुंभार पिंपळगाव दुसऱ्या. दुष्काळ मात्र दोन्हीकडे एकच. मी सिग्नल्सचा नाईक. कमांडर कॅप्टन मेनन, आर्मी मेडिकल कोरचे डॉक्टर.

दुष्काळी कामांवर हजारो माणसं खडी फोडत होती आणि बाहेरून आलेलं धान्य खात होती. कुठे कॉलरा निघाला, कुठल्या धान्यानं माणसं आजारी पडली, हे सरकारी दवाखान्यांना टपालानं आठ-दहा दिवसांनी कळायचं. तोवर उशीर झालेला असे. म्हणून तीन दवाखान्यांत आमचे वायरलेस सेट बसवले होते. रोज ०७०० वाजता कॅप्टनसाहेब बुलेटिन लिहून देत आणि मी ते मराठीत बोलत असे. तिकडचा ऑपरेटर उतरवून घेई आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवी.

कुंभार पिंपळगावच्या सेटवर सिग्नलमन उत्तम साळवे होता. वय बावीस. भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईचा. काम झालं की दोन वाक्यं जास्तीची बोलायचा.

"नाईकसाब, फौजी लंगरच्या पुऱ्यांनी जीभ मेली. सध्या दगडाबाईची भाकर खाऊन राह्यलो."

दगडाबाई खडीच्या कामावरची मजूर. तिचा मुलगाही फौजेत होता.

एका सकाळचं बुलेटिन असं होतं. एका कामावर धान्याला फवारणीचं औषध लागलं आहे. ओकारी, भोवळ असे रोगी आले तर ॲट्रोपिनचं इंजेक्शन द्या. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक असतील तरच द्या.

शेवटच्या वाक्याला सेटवर खरखर वाढली. उत्तम "रॉजर", म्हणजे मिळालं, म्हणाला. निरोप पूर्ण वाचून दाखवायला लावायचा, असा नियम आहे. बॅटरी उतरली होती. मी वाचून घेतलं नाही.

१३४५ वाजता त्याचा कॉल आला. जीभ टाळ्याला चिकटल्यासारखा आवाज.

"तेरा पेशंट आलेत. कामावरचेच. डॉक्टरसाहेबांनी बुलेटिनप्रमाणं सुया सुरू केल्या. दगडाबाईला दिली, मारुती धनगराला दिली. मला बी दिली. ओव्हर."

"तुला कशाला? ओव्हर."

"मी बी तीच भाकर खाल्ली ना. सुईच्या आधीपासनंच घसा वाळून गेला. अक्षर दिसंना. उजेड सहन होईना."

कॅप्टनसाहेब माझ्या मागे उभे होते. "पूछो, थूक आता है?"

"न्हाई येत."

"पसीना?"

"न्हाई. आंग नुसतं भाजून राह्यलंय."

साहेबांनी माझा खांदा धरला. "स्प्रे से थूक-पसीना छूटता है, ये स्प्रे नहीं है. धतूरा है. ॲट्रोपिन से मरेंगे. रोको."

धोत्र्याचं विष आणि ॲट्रोपिन एकाच जातीचं, हे मला तेव्हा कळलं. धोत्र्यानं बाहुल्या मोठ्या होतात, आणि सकाळचं शेवटचं वाक्य तिकडे पोचलंच नव्हतं. मी निरोप सांगितला. ॲट्रोपिन बंद. अंग ओल्या कपड्यानं गार ठेवा. पोट धुवा. या वेळी मी पूर्ण वाचून घेतलं. उत्तमनं एकेक शब्द तोडत वाचलं. पुढे सेटवर कोणी उत्तर दिलं नाही.

१४०० ला जीप निघाली. १६१० ला पोचलो. मधे काय झालं ते कंपाउंडरनं सांगितलं.

उत्तम भिंत धरत व्हरांड्यात गेला आणि "ॲट्रोपिन बंद" म्हणत राहिला. तिथे प्रत्येक जण काहीतरी बरळत होता. एक बाई हवेतून कापूस वेचत होती. एक म्हातारा नसलेल्या बैलांना हाका मारत होता. डॉक्टर तरुण होते, एकटे होते. त्यांना वाटलं, हाही भ्रमात आहे. चौथी सिरिंज त्यांनी भरली होती.

उत्तमनं मेसेज पॅड त्यांच्या छातीवर दाबला. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. वर वेळ लिहिली होती, १३५२.

"साहेब, भ्रमातला माणूस टाइम बराबर लिहीत न्हाई," कंपाउंडर डॉक्टरांना म्हणाला.

डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. ज्यांना सुई मिळाली नव्हती, ते अकराही जण वाचले.

दगडाबाई आम्ही पोचण्याआधी गेली. मारुती आमच्यासमोर. टँकरचं पिण्याचं पाणी होतं, ते आम्ही उत्तमच्या अंगावर ओतत राहिलो. लोक रिकाम्या घागरी घेऊन उभे होते. त्याचा ताप उतरला नाही. १७४० ला तो गेला.

कॅप्टनसाहेबांनी कामावरच्या लाल मिलोचं, म्हणजे परदेशी ज्वारीचं, पोतं चादरीवर ओतलं. त्यात धोत्र्याचं चपटं, तपकिरी बी मूठमूठ निघालं. १८०० वाजता मी उरलेल्या दोन्ही दवाखान्यांना बुलेटिन दिलं. दोघांकडून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून घेतलं.

सकाळची चूक मी फौजेच्या चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, सांगितली. कागदावर 'खराब हवामान' असं लिहिलं गेलं. हवामान खराब नव्हतं.

दगडाबाईचा मुलगा सीमेवर होता. त्याला तार मी स्वतः पाठवली. मारुतीच्या मागे कोणी नव्हतं. त्याची मेंढरं दुष्काळात आधीच संपली होती.

उत्तमला आम्ही पिंपळगाव रेणुकाईला नेलं. बौद्धवाड्यात सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती. त्रिशरण झालं. सलामी झाली. माणसं पांगल्यावर त्याची आई माझ्याजवळ आली.

"शेवटी काय बोलला बाबा माझा उत्तम?"

सकाळची गोष्ट मी तिला आधी सांगितली. वाचून घेतलं नाही, हेही सांगितलं. मग शेवटचं सांगितलं. "निरोप दिला, आई. डॉक्टरला."

"मंग, पोचला का त्यो?"

"पोचला."

तिनं मान हलवली आणि घरात गेली.