मामांचं ‘दिसी’ कपाट

हिच्या मामांइतका मॉन्ट्रियलचा अभिमानी माणूस मॉन्ट्रियलमध्ये आजवर जन्मला नाही. मामाही तिथे जन्मले नाहीत, ते कराडचे. चाळीस वर्षं मॉन्ट्रियलला लागूनच्या ब्रॉसार्ड उपनगरात राहून त्यांनी फ्रेंचला ‘बोंजूर’पलीकडे घरात घेतलं नव्हतं. निवृत्तीनंतर एकदा थंडीतून सुटायला ते एका छोट्या पुस्तकांच्या दुकानात शिरले. मालकीणबाई एका कपाटाकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला “दिसी, दिसी” म्हणत होत्या. देसी पुस्तकं मिळतात म्हणून मामा हरखून धावले, तर आत सगळी पुस्तकं मेपलचा पाक, जुने पूल आणि हिमवादळं यांवरची. फ्रेंचमध्ये ‘दिसी’ म्हणजे ‘इथलं’, हे त्यांना तेव्हा कळलं. पण रिकाम्या हाताने परतणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी एक पुस्तक घेतलं, सोबत डिक्शनरी घेतली आणि दोन वर्षांत ते अख्खं कपाट वाचून काढलं.

तेव्हापासून त्यांच्या घरी गेलेल्या पाहुण्याला चहाआधी पुलाचे खांब नदीत कसे रोवले ते ऐकावं लागतं. मागे विंटर टायर बदलायला गेले, तर मेकॅनिकला त्याच्याच आजोबांच्या गावाचा इतिहास सांगून आले. टायर बदलायचे राहूनच गेले.

पुढे त्यांनी आपल्या गल्लीवरच पुस्तक लिहिलं, तेही फ्रेंचमध्ये. कुठलं झाड कुठल्या वादळात पडलं इथपासून, मामींच्या परसातली मेथी शेजारणीने सॅलड म्हणून कशी कच्ची खाल्ली इथपर्यंत सगळं त्यात होतं. ते छापून आलं तेव्हा मामी नव्हत्या. पुस्तक ‘दिसी’ कपाटात लागावं एवढीच मामांची इच्छा होती. मालकीणबाईंनी दहा प्रती ठेवून घेतल्या.

आठवड्याने मी त्यांना घेऊन गेलो, तर प्रती प्रवासाच्या फळीवर, ताजमहालाच्या दोन गाइडबुकांच्या मध्ये. लेखकाचं नाव भारतीय, तेव्हा भारतात जाणाऱ्यांना सापडेल, असं बाई भाबडेपणाने म्हणाल्या. मामांचा चेहरा इतका पडला की मला पाहवेना. मग ते फ्रेंचमध्ये सावकाश म्हणाले, “मादाम, माझी बायको इथंच गेली. मी आणखी किती इथला होऊ?”

बाईंनी दहाही प्रती उचलल्या आणि ‘दिसी’ कपाटात नेऊन लावल्या.

गाडीत बसल्यावर मामांनी पट्टा लावला. मग म्हणाले, “जावईबापू, माझं ग्रामर चुकलं हो. बाईंना काय वाटलं असेल?”

नाही चुकलं, मी म्हटलं. मला फ्रेंच बेताचंच येतं, पण ते वाक्य चुकलं नव्हतं.