सतरापर्यंत

सीताबर्डीला दंगल झाली त्या दुपारी मी आणि माझा मित्र त्याच्या मामांच्या कापडदुकानाच्या माडीवर अडकलो होतो. वय पंधरा. खाली रस्त्यात चार-पाच जण एका माणसाला लाठ्यांनी मारत होते. मी डोळे मिटून घेतले. तो खिडकीतून शेवटपर्यंत पाहत राहिला.

पुढच्या महिन्यात शहर पूर्ववत झाल्याचं डेप्युटी कमिशनरसाहेबांनी जाहीर केलं. माझ्या मित्राला ते कुणी कळवलं नसावं. इतवारीजवळच्या फाटकावर गाडी दिसली की तो रुळांमध्ये जाऊन उभा राहू लागला.

"तू मोज बे. सतरा झाले की हटतो."

मी बाजूला उभा राहून मोजायचो. सतराला तो बाहेर उडी मारायचा. दर वेळी इंजिन थोडं जास्त जवळ आलेलं असायचं. सतराच का, हे मी कधी विचारलं नाही. मोजायला मिळतं यातच मला मोठेपणा वाटे.

हा मुलगा कशालाच भीत नाही, एवढंच हेडमास्तरांच्या कानावर गेलं. त्यांनी त्याला कवायतीचा नायक केलं आणि चारित्र्यावर पाऊण तास बोलून झाल्यावर शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांपुढे उभं केलं. टाळ्या वाजल्या तसा तो दचकून भिंतीला चिकटला. साहेबांना तो विनय वाटला.

त्याच्या आईला मात्र तसं काही वाटत नव्हतं. पोळ्याच्या दिवशी तिने मला दारातच गाठलं. "झोपत नाही गा तो. ताट पडलं तरी थरथरते. उद्या त्याले मारबतीजवळ घेऊन जा. जाईल ते अंगातलं."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. बांबू-कागदाची ती अक्राळविक्राळ बाई गावाबाहेर नेऊन जाळतात आणि वाटेत लोक आपली दुखणी ओरडून तिच्या हवाली करतात. खोकला, खरूज, ढेकूण, एकाने तर सासराही घेऊन जा म्हणून सांगितलं.

"ओरड ना बे," मी मित्राला म्हणालो.

"काय ओरडू?"

गावाबाहेर मारबत पेटली. लोक मागे सरले, तो पुढे सरला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी सवयीने मोजायला लागलो. एक, दोन, तीन. तो चालतच होता. नऊवर त्याच्या सदऱ्याची कड काळी पडली. इथे रूळ नव्हते, बाहेर उडी मारायला बाजूच नव्हती. सतरा होईपर्यंत तो आगीत असणार, हे मला अकराला कळलं. मी धावत जाऊन त्याची कंबर धरली आणि दोघे चिखलात पडलो.

"मोजणं काहून थांबवलं?" तो रागाने म्हणाला.

"सतराच काहून, ते सांग आधी."

त्याला ओढताना भाजलेल्या माझ्या मनगटाकडे त्याने पाहिलं. "त्या माणसाले सतरा लाठ्या बसल्या. मंग तो हलला नाही."

मीही तिथेच होतो. आवाज मलाही आले होते. मी मोजले नव्हते, इतकंच. तेही मी त्याला सांगितलं.

"तुह्या आईले सांगू?" मी विचारलं.

"तू बोल. मले नाही जमणार."

घरी जाताना फाटक बंद होतं. मालगाडी येत होती. मी त्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता. त्याने तो सोडवून घेतला नाही. गाडी अगदी सावकाश गेली. तिला डबे किती होते, आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं.