डॉक्टरांनी वाचलेली कादंबरी

आमच्या तळे गावात वाचनाचा एक गट होता. गट म्हणजे आम्ही चौघी. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी तो सुरू केला होता. त्यांच्याखेरीज बाजारातल्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई, बँकेत बदलून आलेली एक मुलगी, आणि मी. बँकेला ज्या शनिवारी सुट्टी असे, त्या शनिवारी दुपारी आम्ही ग्रंथालयाच्या माडीवर बसत असू. तिथला पंखा फार खडखडायचा. त्यामुळे तो बंद करून बोलायचं आणि घाम फुटला की लावून गप्प बसायचं, अशी आमची पद्धत होती.

मी डॉक्टरची बायको. माहेर पुण्याचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा ह्यांनी बाजारपेठेत नुकताच दवाखाना थाटला होता. खाली दवाखाना, वर आम्ही. दवाखाना चांगला चालला. मुलगी झाली, शिकली, नोकरीला बंगळूरला गेली. गावात मला सगळे ओळखतात. कोणी डॉक्टरीणबाई म्हणतं, कोणी वहिनी. हेसुद्धा 'अगं' म्हणतात. नावाने हाक मारणारी माझी आई होती. ती गेल्यापासून ते नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

एकदा बाईंनी एक जुनी फ्रेंच कादंबरी निवडली. मराठी अनुवाद, ग्रंथालयात एकच प्रत. ती चौघींत फिरत फिरत माझ्याकडे शेवटी आली. लहान गावातल्या एका डॉक्टरच्या बायकोची गोष्ट. तिला ते गाव, तो नवरा, तो संसार सहन होत नाही. ती खोटं बोलते, नको त्या पुरुषांवर जीव टाकते, पोटच्या मुलीला जवळ करत नाही, आणि शेवटी स्वतःबरोबर सगळ्या घराचं वाटोळं करते. मला तिचा राग आला. मुलीशी ती जशी वागते ते वाचताना तर मी पुस्तक मिटलं आणि बंगळूरला फोन लावला. लेक मीटिंगमध्ये होती. "संध्याकाळी करते गं आई," म्हणाली.

पण पुढे एका ठिकाणी नवरा जेवतो आहे आणि ती समोर बसून नुसती बघते आहे, असा प्रसंग येतो. त्यात काही घडत नाही. मी ते पान वाचलं, परत वाचलं, आणि तिथेच बसून राहिले. गॅसवर वालाचं बिरडं होतं, ते खाली लागलं. दुपारी ह्यांनी ते खाल्लं, आणि "आज जरा वेगळं झालंय, छान आहे," म्हणाले.

शनिवारी माडीवर चर्चा झाली.

बाई म्हणाल्या, "मला तर ती अजिबात बघवली नाही. चांगला नवरा, घर, मूल. काय कमी होतं? कादंबऱ्या वाचून डोकं फिरलं तिचं."

"मग आपलं फिरायला हवं," बँकेतली मुलगी म्हणाली.

"आपण घरातलं सगळं करून वाचतो," दुकानवाल्या वहिनी म्हणाल्या. "तिच्याकडे कामाला बाई होती. सकाळी सातला दुकानाचं शटर उघडायला लागलं असतं, म्हणजे कसली स्वप्नं पडली असती?"

बँकेतल्या मुलीला ते पटलं नाही. ती म्हणाली, "मला ती बिचारी वाटली. मला इथे कंटाळा आला तर मी बदलीचा अर्ज करीन. तिने कोणाकडे अर्ज करायचा?"

त्यावर बाई काहीतरी बोलणार होत्या, पण दुकानवाल्या वहिनी एकदम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा की डॉक्टरीणबाई! तुम्हाला काय वाटलं?"

त्यांनी हसत विचारलं, आणि विचारल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. बाईंनी पुस्तक उगीच उलटंपालटं केलं. बँकेतल्या मुलीने खिडकीतून खाली बघितलं. लहान गाव, डॉक्टर, डॉक्टरची बायको. तिघीही माझ्या उत्तराची वाट बघत होत्या आणि ते येऊ नये असंही त्यांना वाटत होतं.

"वर्णनं फार छान आहेत," मी म्हणाले.

कोणीतरी उठून पंखा लावला.

पुस्तक परत करण्याचं काम माझ्याकडे होतं, पण त्या दिवशी खाली ग्रंथपाल नव्हते. घरी आल्यावर ह्यांना चहा द्यायला दवाखान्यात गेले आणि पुस्तक तिथे टेबलावरच विसरले. ह्यांनी लग्नानंतर कधी कादंबरी हातात धरलेली मी पाहिली नव्हती. पेपर वाचतात, तोही मागच्या पानापासून. पण त्या संध्याकाळी पेशंट नव्हते, लाइट गेले होते. खिडकीपाशी उजेडाला बसून ह्यांनी पहिली काही पानं वाचली असावीत. जेवताना मला म्हणाले, "अगं, तो डॉक्टर पुरता डॉक्टर नव्हता म्हणे. डिग्री कमी होती त्याची."

"हो."

"म्हणून त्याला सगळे कमी लेखतात. आपल्याकडे पण तेच. मुंबईचा एमडी आला की आम्ही कोण?"

हे आयुर्वेदाचे डॉक्टर आहेत. हा विषय त्यांच्या आवडीचा आहे. त्या दिवशी ते कादंबरीतल्या नवऱ्याच्या बाजूने बराच वेळ बोलले. मला वाटलं, एवढ्यावर सोडून देतील.

सोडलं नाही. दोन पेशंटांच्या मध्ये, दुपारच्या झोपेऐवजी, ह्यांचं वाचन चालू राहिलं. खुणेला त्यांनी गोळ्यांची रिकामी पट्टी घातली होती. मी केर काढायला खाली जायची तेव्हा ती पट्टी कुठवर आली आहे ते बघायची. पुढे काय आहे हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. आज ती खोटं बोलेल. आज ती दुसऱ्या माणसाबरोबर जाईल. त्या दिवशी ह्यांच्यासमोर ताट ठेवताना माझाच हात अवघडायचा. मी आयुष्यात तसं काही केलेलं नाही, तसं काही घडायची वेळही आली नाही. तरी ते वर आले की मी त्यांचा चेहरा वाचत असे.

हळूहळू त्यांनी पुस्तकाविषयी बोलणं बंद केलं. एकदा फक्त विचारलं, "हे तुम्ही चौघींनी वाचलंत?"

"हो."

"चर्चा केलीत?"

"केली."

"काय म्हणालात?"

"बाईंना ती आवडली नाही," मी म्हणाले. तू काय म्हणालीस, असं काही त्यांनी विचारलं नाही.

मग एक दिवस पुस्तक टेबलावर नव्हतं. हे स्वतः जाऊन ते ग्रंथालयात देऊन आले होते.

पुढच्या रविवारी सकाळी ह्यांनी दवाखान्याच्या दाराला कुलूप लावलं आणि म्हणाले, "चल, श्रीवर्धनला जाऊन येऊ."

"कोण आहे तिथे?"

"कोणी नाही. समुद्र बघू."

म्हसळ्यावरून गाडी काढली. वाटेत घाटात ह्यांनी दोनदा विचारलं, काच वर करू का, खाली करू का. श्रीवर्धनला सुपारीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता थंडगार होता. एका घरगुती खानावळीत जेवलो आणि उन्हं कलल्यावर किनाऱ्यावर गेलो. हे बूट घालूनच वाळूत चालत होते. मी म्हणाले, काढा, तर म्हणाले, असू दे. सुरूच्या झाडांखाली बसायला जागा मिळाली. तेवढ्यात आमच्या तळ्याकडचा एक पेशंट, कुटुंबाला घेऊन आलेला, लांबून लंगडत आला. "डाक्तर, तुमी हितं! बरं झालं. ह्यो गुडगा बघा ना जरा, सूज उतरंत न्हाय." ह्यांनी तिथेच वाळूत बसून त्याचा गुडघा दाबून पाहिला. चेहरा एकदम मोकळा झाला होता. तो माणूस गेला आणि पुन्हा आमच्या दोघांत तेवढीच जागा उरली.

बऱ्याच वेळाने समुद्राकडे बघत ह्यांनी विचारलं, "तुला इथे कंटाळा येतो का?"

"इथे म्हणजे?"

"तळ्याला. आपल्याकडे."

मी खोटं बोलू शकले असते. सोपं होतं. पण हा माणूस एवढी गाडी चालवून, बुटात वाळू भरून घेऊन ते विचारायला आला होता.

"येतो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"सारखा असतो? की मधे बरं वाटतं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. पेशंटला विचारतात तसंच विचारत होते. दुसऱ्या कोणत्या रीतीने विचारायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं, मुलगी लहान होती तेव्हा बरा होता. संध्याकाळी जास्त होतो. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही, गाव वाईट आहे म्हणूनही नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुस्तकातला तो माणूस चांगला होता गं. पण रोज जेवताना तेच ते बोलायचा. मी पण तसंच बोलतो का?"

"हो," मी म्हणाले.

ते उठले, पँट झटकली. "निघू या. घाटात अंधार नको."

त्या दिवसापासून हे जेवताना बोलेनासे झाले.

रागाने नव्हे. राग मला कळला असता. ते मुद्दाम आठवून आठवून गप्प बसत. पूर्वी ताटावर बसल्या बसल्या सुरू व्हायचे: आज कोण आलं होतं, कोणाचा ताप उतरला, कोणाची सून बाळंतपणाला माणगावला गेली, औषध कंपनीचा एमआर कसा पुन्हा तीच औषधं घेऊन आला. माझं अर्धं लक्ष असायचं, अर्धं नसायचं. आता भाकरी मोडण्याचा आवाज येत असे. कधीकधी ते काहीतरी नवीन म्हणून पेपरातली बातमी सांगत. "जपानमध्ये म्हणे म्हाताऱ्यांची संख्या वाढलीय." मी "हो का" म्हणायची. तिथे संपायचं. दोघांनाही जपानचं काही पडलेलं नव्हतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मला गावातलं काही कळेनासं झालं आहे. मी फारशी बाहेर जात नाही. इतकी वर्षं हे गाव माझ्यापर्यंत येत होतं ते ह्यांच्या त्या कंटाळवाण्या बोलण्यातून. बाजारात एक बाई भेटली, तिचा नवरा महिन्यापूर्वी वारला होता, आणि मी तिला विचारलं, "कसे आहेत मालक?" "महिना झाला त्यांना जाऊन," ती म्हणाली. घरी येऊन मी ह्यांना म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"जेवताना काय सांगायचं तसलं," ते म्हणाले.

वाचनाचा गटही तोवर विरला होता. बँकेतल्या मुलीचा अर्ज मंजूर होऊन ती नाशिकला गेली. बाईंना मुलाने ठाण्याला नेलं. दुकानवाल्या वहिनी रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, "आता काही वाचणं होत नाही बघा." त्यांच्याशीही कधी मनातलं बोलणं झालं नव्हतं. तरी शनिवारी दुपारी मला त्या खडखडणाऱ्या पंख्याची आठवण यायची.

मग आवणीचे, भातलावणीचे दिवस आले. सगळी माणसं शेतात, दवाखान्यात दिवसभर शुकशुकाट. एका दुपारी हे वर आले, जेवायला बसले, आणि वाढता वाढता मी विचारलं, "आज कोण आलं होतं?"

"कोणी नाही. नेहमीचेच."

"नेहमीचे कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तो वाडीवरचा म्हातारा."

"लाल इंजेक्शनवाला?"

"तोच." मग म्हणाले, "हे सांगितलंय मी तुला."

"सांगितलंय. तरी सांगा."

त्यांनी घास खाली ठेवला. "अगं, पाय चिखल्यांनी फुटलेले, चालता येत नाही. मी मलम देतो म्हटलं, तर म्हणतो, 'मलम ऱ्हाऊं द्या डाक्तर, लाल सुई हाय ना? पिवली न्हाय चालनार.' लाल संपलंय म्हटलं, तर उठूनच चालला. मग कपाटात मागे एक सापडलं."

"मग?"

"मग काय, दिलं. टणाटण चालत गेला."

मी हसले. खरंच हसू आलं. तेही हसले, पण हसता हसता माझा चेहरा तपासत होते. मला खरंच हसू आलं आहे की मी त्यांच्यासाठी हसते आहे, हे त्यांना बघायचं होतं. पूर्वी ते असं बघत नसत. बोलत सुटायचे, मी ऐकते आहे की नाही याची फिकीर नसायची, आणि त्यात एक प्रकारची ऊब होती. ती परत आली नाही.

आता ते रोज थोडंसं बोलतात. एक गोष्ट सांगतात, थांबतात, माझ्याकडे बघतात. मी लगेच "मग?" म्हणते. कधी वेळेच्या आधीच म्हणते. मग ते पुढचं सांगतात, आणि मी त्यांना आणखी थोडा भात वाढते.