हलकं काम

"दोन्ही फ्लेक्सर टेंडन तुटलेत," डॉक्टर म्हणाले. टेंडन म्हणजे बोट दुमडणारी दोरी. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट सरळच्या सरळ राहिली होती. मी दुमडायला बघत होते, ती ढिम्म.

मिरजोळ्याच्या मासळीच्या कंपनीत मी नऊ वर्षं म्हाकूल, म्हणजे स्क्विड, साफ करत होते. त्या सकाळी ओल्या हातातली सुरी सटकली आणि पातं त्याच तळव्यात खोल गेलं. रक्त फार नव्हतं. टाके पडले की चार दिवसांत येते, असं मी सुपरवायझर मॅडमना सांगून निघाले होते.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. सहा आठवडे हाताला स्प्लिंट, म्हणजे बोटं वाकवून ठेवणारी पट्टी. मग फिजिओथेरपी. बाहेरच्या बाकड्यावर तासतास बसायचं, आत पंधरा मिनिटं बोटं ओढून घ्यायची. भाकऱ्या नवरा थापायचा.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, लाइट ड्युटी. वजन उचलायचं नाही, सुरी धरायची नाही, असं हलकं काम. मला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं.

कंपनीने मला हात धुण्याच्या जागी खुर्ची दिली. येणाऱ्या प्रत्येकीची टोपी, गमबूट, नखं बघायची. ते पहिल्या अर्ध्या तासात संपायचं. मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून बसलेली. आत माझ्या जागेवर कोणाला घेतलं नव्हतं. माझे क्रेट शेजारच्या सुवर्णाच्या पुढ्यात सरकवले होते.

एक दिवस ती हात धुताना म्हणाली, "राग मानू नको गो. पण तुझा वाटा आम्ही उरकतोय, नि तू बसलेली दिसतेस."

राग आलाच. तिचं खरं होतं, म्हणून जास्त आला.

तीन महिने झाले आणि मॅडमनी बोलावलं. हलकं काम तेवढ्यापुरतंच होतं, आता पूर्ण फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा, म्हणाल्या. आधी मुदतीचं कोणी बोललं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांना मी हात जोडले. बोटं अर्धीच मिटत होती. अॅडहिजन्स झाल्या होत्या, म्हणजे जखम भरताना दोरी आजूबाजूच्या मांसाला चिकटली होती. दुसरं ऑपरेशन केलं तरी भरवसा नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी मी म्हटलं, फिट लिहा, मी निभावून नेईन.

"लिहिणार नाही," ते म्हणाले. "या हातातून सुरी पुन्हा पडेल. बाई, हा हात आता एवढाच राहणार."

इतके दिवस सगळे 'होईल हळूहळू' म्हणत होते. खरं या एकाच माणसाने सांगितलं. त्या दिवशी मी त्यांना मनात शिव्या घातल्या. आज त्यांचे आभार मानते.

काम गेलं. दुसरीकडे विचारलं, तर आधी हात बघतात.

गेल्या महिन्यात सुवर्णा घरी आली. सोबत कंपनीच्या लाइनवरची एक बाई, उजव्या अंगठ्याला जाड बँडेज. तिच्याही कागदावर लाइट ड्युटी लिहिलेलं. ती विचारत होती, "ताई, बरा होईल ना? ठेवतील ना मला?"

हो म्हणावंसं फार वाटलं.

"बरं होण्याचं डॉक्टरांना विचार, स्पष्ट विचार," मी म्हटलं. "आणि खुर्चीवर बसायच्या आधी कंपनीकडून लिहून घे. काम कोणतं, किती दिवस, हात सुधारला नाही तर पुढे काय. आणि तुझं उरलेलं काम कोणाच्या डोक्यावर जाणार, तेही विचार."

"देतील लिहून?" सुवर्णाने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्या बाईला पेन धरता येत नव्हतं. सुवर्णा लिहायला बिचकत होती. मग त्या बाईचा कंपनीला द्यायचा अर्ज मीच लिहायला घेतला, डाव्या हाताने. पाच ओळींना दुपार गेली. अक्षर वेडंवाकडं होतं, पण वाचता येत होतं.